लोकेच्छा : जिनिव्हा ते कडोली

बेळगावच्या उत्तरेला, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर कडोली आहे. भाजीपाला पिकवणारे, मराठी बोलणारे गाव. इथे दर वर्षी मराठी साहित्य संमेलन भरते. सकाळी ग्रंथदिंडी निघते, दारोदारी सडा-रांगोळी होते, लेझीम खेळत पोरे पुढे चालतात आणि बायका डोक्यावर कलश घेऊन मागून येतात. कडोली, उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर, निपाणीकडचे कारदगा, सीमाभागातल्या अशा कितीतरी गावांनी स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या मंडपात ही संमेलने चालवली आहेत. कथाकथन आणि कविसंमेलनाच्या बरोबरीने तिथे महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नही येतोच, आणि तो आला की भाषणात हमखास एक शब्द येतो : लोकेच्छा.

सीमाभागात वाढलेल्या माणसाला हद्द ठरवण्याची चतुःसूत्री पाढ्यासारखी पाठ असते. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. पहिली तीन सूत्रे कागदावर मोजता येतात. खेड्याची शीव तलाठ्याकडे असते, सलगता नकाशात दिसते, भाषेचे आकडे जनगणना देते. चौथे सूत्र मोजायचे तर माणसापुढे जाऊन त्याला विचारावे लागते. आपण ते शेवटी म्हणतो, पण बाकीची तीन उभी आहेत ती त्याच्याच आधारावर. म्हणून मला त्याचा माग काढावासा वाटला. तो काढत मागे गेलो की एका घड्याळजीच्या पोराशी येऊन थांबावे लागते.

ज्याँ-जाक रूसो २८ जून १७१२ रोजी जिनिव्हात जन्मला. आई त्याच्या जन्मानंतर काही दिवसांतच गेली. बाप घड्याळे दुरुस्त करायचा आणि रात्री पोराबरोबर प्लुटार्कची चरित्रे वाचत बसायचा. पुढे एका कोरीवकाम करणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलेला हा पोरगा सोळाव्या वर्षी पळाला. एकदा फिरून परतताना शहराच्या वेशीचा दरवाजा बंद झालेला दिसला आणि तो मागे वळलाच नाही. त्यानंतर तो गडी झाला, शिकवण्या केल्या, संगीताच्या चोपड्यांची नक्कल करून पोट भरले. १७४९ मध्ये तुरुंगात असलेल्या आपल्या मित्राला, दिदरोला, भेटायला पायी जाताना त्याने दिजाँच्या अकादमीने निबंधस्पर्धेसाठी काढलेला प्रश्न वाचला : विद्या आणि कला यांच्यामुळे माणसाचे आचरण सुधारले का? रूसोने उलट उत्तर दिले आणि बक्षीस मिळवले. १७५५ मध्ये विषमतेच्या उगमावर त्याने दुसरा निबंध लिहिला. आणि १७६२ मध्ये 'सामाजिक करार'.

त्या पुस्तकात त्याने राज्याची मुळी वरून खाली आणली. राजाला सत्ता देवाकडून मिळत नाही, तलवारीने मिळवलेली सत्ता हक्क ठरत नाही. माणसे एकत्र येऊन करार करतात तेव्हा राज्य जन्मते, आणि सार्वभौमत्व त्या माणसांकडेच राहते. या एकत्रित इच्छेला त्याने जे नाव दिले त्याला मराठी राज्यशास्त्राच्या पुस्तकांत 'सामूहिक इच्छा' किंवा 'ईहा' म्हणतात. आपली 'लोकेच्छा' त्याच कुळातली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याच्या अटकेचा हुकूम निघाला, आणि ज्या जिनिव्हाचा नागरिक असल्याचे तो पुस्तकावर अभिमानाने छापत असे त्या जिनिव्हाने त्याची पुस्तके जाळली. मोतिए गावात त्याच्या घरावर दगड पडले. २ जुलै १७७८ रोजी तो वारला. फ्रान्सने त्याला १७९४ मध्ये पॅरिसच्या पाँथेआँत नेऊन ठेवले.

हा माणूस निर्मळ होता असे मी म्हणणार नाही. स्वतःची पाच मुले त्याने अनाथाश्रमात टाकली आणि मुलांच्या शिक्षणावर 'एमिल' लिहिले. स्त्रियांना त्याने नागरिकांच्या सभेत जागा दिली नाही. पण दोन गोष्टी त्याने अशा सांगितल्या की त्या वाचताना मला कडोली दिसते.

पहिली म्हणजे झाड. सुखी समाजाचे चित्र काढताना रूसो दरबार किंवा संसद दाखवत नाही. ओकच्या झाडाखाली बसून गावकरी राज्याचा कारभार शहाणपणाने ठरवताहेत असे दाखवतो. त्याच्या मनातले राज्य लहान होते. माणसे एकमेकांना ओळखतील, एकमेकांसमोर बोलतील, इतके लहान. दुसरी म्हणजे मुखत्यारपत्राला नकार. इच्छा दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही, असे तो म्हणाला. सत्ता सोपवता येईल, काम सोपवता येईल, इच्छा मात्र ज्याची त्यानेच सांगायची. माझ्या दृष्टीने लोकेच्छा या शब्दाचा खरा गाभा हा आहे, आणि पुढच्या दोनशे वर्षांत लोक वारंवार विसरले तेही हेच.

रूसो गेल्यावर अकरा वर्षांनी फ्रान्समध्ये क्रांती झाली. १७८९ च्या हक्कांच्या जाहीरनाम्यात कायदा हा सामूहिक इच्छेचा आविष्कार आहे असे कलम आले. पुढच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष परीक्षा झाली ती एका सीमेवर. आव्हिन्यो हा फ्रान्सच्या पोटातला पोपचा मुलूख. तिथल्या गावागावांत मते घेतली गेली आणि १४ सप्टेंबर १७९१ रोजी फ्रान्सच्या सभेने तो मुलूख जोडून घेतला. युरोपात मुलूख तोवर लढाईने, हुंड्याने किंवा वारशाने बदलत असत; आता राहणाऱ्यांना विचारण्याचा एक मार्ग निघाला. गडबड, दडपण, मारामाऱ्या सगळे तिथे झाले, तरी पायंडा पडला. १८६० मध्ये सावॉय आणि नीस इथे मतदान झाले.

महाराष्ट्रात ही हवा रूसोच्या नावाने कमीच आली. इंग्रजी शाळांतून मिल आणि स्पेन्सर आले. आगरकर त्यांच्यावर वाढले. थॉमस पेन मात्र पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हाती लागला. पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' १७९१-९२ मधले, फ्रेंच क्रांतीची बाजू मांडणारे. जोतीरावांनी त्यातला हक्क आपल्या शूद्रातिशूद्रांपर्यंत आणि बायकांपर्यंत नेला. १८४८ मध्ये मुलींची शाळा काढणाऱ्या माणसाने रूसोची स्त्रियांना वगळण्याची ती खोट भरून काढली, असे मी मानतो.

'हक्क' या शब्दाचेही रूप त्याच काळात पालटले. फारसीच्या वाटेने मराठीत आलेला हा शब्द जुन्या कागदांत वतनाशी बांधलेला होता. पाटलाचा हक्क, कुलकर्ण्याचा हक्क, बलुत्याचा हक्क, म्हणजे कुळाकडे चालत आलेला मान आणि धान्य. आता तो केवळ माणूस म्हणून जन्मलेल्याचा झाला.

आपल्या गावगाड्याला संमती ठाऊकच नव्हती, असे मात्र नाही. गोतसभा बसे, निवाड्याचा महजर लिहिला जाई, आणि खाली ज्याची त्याची निशाणी पडे. पाटलाचा नांगर तर कागदोकागदी भेटतो. दोन गावांत शिवेचा तंटा झाला की महाराच्या साक्षीला मोठे वजन असे, कारण शीव राखणारा आणि ओळखणारा तोच. आमच्या सीमाप्रश्नाच्या इतिहासात ही गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरे, त्याला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. लोकेच्छेतले 'लोक' कोण, हा प्रश्न आपल्या मातीत तिथूनच सुरू होतो. एप्रिल १९२५ मध्ये निपाणीत मुंबई प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. पुढे १९५४ मध्ये आकाशवाणीवर त्यांनी स्पष्ट सांगितले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच क्रांतीकडून घेतली नाहीत, बुद्धाकडून घेतली. सगळ्याच मुळ्या जिनिव्हाला जाऊन मिळतात असे मानणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

१९४६ मध्ये बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी संघटित झाली. कडोलीसारख्या गावांतल्या संमेलनांत आजही साहित्याच्या मंडपात सीमेची गोष्ट निघते, तिची परंपरा ही अशी आहे. राज्य पुनर्रचना आयोगाने जिल्हा हा घटक धरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. फक्त चंदगड तालुका वेगळा काढून मुंबई राज्यात ठेवला. म्हणजे जिल्हा तोडता येतो हे त्याच कायद्याने दाखवून दिले, आणि कडोलीच्या पश्चिमेला काही कोसांवरची गावे एका राज्यात, कडोली दुसऱ्यात, अशी रेघ पडली. पुढे आंध्र आणि मद्रास यांच्या हद्दीसाठी ह. वि. पाटसकरांनी खेडे हा घटक धरून निवाडा केला. महाराष्ट्राने तेच सूत्र उचलले आणि त्याला लोकेच्छा जोडली.

१९६६ मध्ये सीमाप्रश्नासाठी सेनापती बापटांनी उपोषण केले आणि २५ ऑक्टोबरला केंद्राने आयोग नेमला. एकच सदस्य, माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन. हेच महाजन ऑक्टोबर १९४७ मध्ये जम्मू-काश्मीरचे पंतप्रधान होते. काश्मीरच्या भारतातल्या विलीनीकरणाबरोबर माउंटबॅटन यांनी लोकांना विचारण्याचे लेखी आश्वासन दिले होते, ते त्यांच्यासमोर घडले होते. लोकेच्छा म्हणजे काय आणि तिला काय अडचणी येतात, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेला न्यायाधीश देशात दुसरा क्वचितच असेल. सार्वमत आपल्या देशाला अपरिचितही नव्हते. जुलै १९४७ मध्ये सिल्हेटला मत विचारले होते, फेब्रुवारी १९४८ मध्ये जुनागढला.

आणि ज्या महिन्यांत महाजन आयोगाचे काम चालू होते, त्याच महिन्यांत घाट उतरून गेल्यावर गोव्यात काय घडले ते पाहा. संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये खास कायदा केला. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने मतदान निर्मळ व्हावे म्हणून राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांनी फूल किंवा दोन पाने यांपैकी एकावर शिक्का मारला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पाने म्हणजे संघप्रदेश. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. विलीनीकरण हरले. आणि मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा तेच लोक विलीनीकरणवादी बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवून मोकळे झाले!

सीमाप्रश्नाच्या वाचकाने या दोन महिन्यांपाशी थांबायला हवे. गोव्याने सिद्ध केले की पक्षाला दिलेले मत आणि मुलखाबद्दलची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार निवडून येत तेव्हा आम्ही म्हणायचो, ही घ्या लोकेच्छा. २०१८ आणि २०२३ मध्ये समितीचा एकही आमदार आला नाही तेव्हा समोरचे म्हणाले, ही घ्या लोकेच्छा. दोन्ही बाजूंनी अनुमान काढले. इच्छा दुसऱ्याच्या तोंडून वदवता येत नाही हे रूसोचे म्हणणे समितीला लागू होते, बेंगळुरूला होते, मुंबईलाही होते.

महाजनांचा अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला. २६४ गावे महाराष्ट्राला, त्यांत निपाणी आणि खानापूर. २४७ गावे कर्नाटकाला, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्याला. बेळगाव शहर कर्नाटकातच. गावे मोजली गेली, भाषा मोजली गेली, गावकऱ्यांचे मतदान मात्र घेतले गेले नाही. महाराष्ट्राने अहवाल नाकारला तो योग्यच, असे माझे मत आहे.

याच्या उलट बाजूचा प्रश्न मी टाळणार नाही. कडोलीसारख्या गावात कन्नड बोलणारी घरेही असतात, कोल्हापूर-सोलापूरच्या खेड्यांतही असतात. गावाने कौल दिल्यावर उरलेल्यांचे काय? रूसोच्या विचारातला सर्वांत धोक्याचा भाग इथेच आहे. जो सामूहिक इच्छेला नाकारतो त्याला स्वतंत्र व्हायला भाग पाडावे, असे तो लिहून गेला, आणि त्या आधारे क्रांतीच्या काळात माणसे मारली गेली. पण त्याच रूसोने हेही सांगितले की बहुमताचा नियमसुद्धा आधी सर्वांच्या संमतीने ठरलेला असावा लागतो. आंबेडकरांनी १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर लिहिताना अल्पसंख्याकांची जी काळजी वाहिली, ती याच जागेची आहे. १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांवर गोळ्या चालल्या तेव्हा बहुमताखाली दबण्याचा अर्थ सीमाभागाला कळला. ज्यांना तो कळला आहे, त्यांनी उद्या आपल्या बाजूचा कन्नड माणूस त्याच जागी उभा राहू नये याची हमी कौल मागण्याआधी दिली पाहिजे.

महाराष्ट्राने राज्यघटनेच्या कलम १३१ खाली २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा क्रमांक ४ दाखल केला. न्यायालय कायदा पाहील, पुनर्रचना कायदा घटनेला धरून होता का ते तपासेल. तो निकाल येईल तेव्हा येवो. पण गोव्यासाठी एका अधिवेशनात जो कायदा झाला, तसा कायदा करायला संसदेला न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही. माझे मागणे एवढेच आहे : खेडे हा घटक धरा, दोन्ही भाषांच्या माणसांना आधी अभय द्या, आणि मग कडोलीच्या शाळेत एक दिवस मतपेटी ठेवा. १९५६ पासून तिथल्या लोकांनी ग्रामपंचायतीला, विधानसभेला, लोकसभेला मते दिली आहेत. कोणत्या राज्यात राहायचे हे त्यांना एकदाही विचारलेले नाही.