काडतुसातील दारूचे माप

बालाघाटाच्या डोंगररांगेतील धारूरचा किल्ला तोफांच्या युगात उभा राहिला. आदिलशाही सरदार किश्वरखान याच्याकडून तो १५६९ मध्ये निजामशाहीकडे गेला आणि १६३१ मध्ये मोगलांनी जिंकला. त्या काळी धारूरच्या नैर्ऋत्येकडील परांड्याच्या किल्ल्यावर ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ होती. ती अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतली गेली व १६३२ मध्ये विजापूरला नेण्यात आली. अशा तोफेत दारू किती ठासावी, याचे छापील कोष्टक गोलंदाजाजवळ नव्हते. काडतुसे हाताने भरणाऱ्या परदेशी नेमबाजांपुढे आजही हाच प्रश्न उभा राहतो. निवडलेल्या गोळीसाठी प्रसिद्ध कोष्टकच नसेल, तर दारूचे माप कसे ठरवावे?

जुनी पद्धत

पूर्वी दारूचे माप गोळ्याच्या वजनाच्या प्रमाणात धरले जाई. नवी नळी नेहमीपेक्षा जादा दारू भरून, माणसे दूर ठेवून उडविली जाई. ती टिकली तरच तोफ वापरात येई. लंडनमधील बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि पुढे नळ्यांची अशी पारख तेथे नियमबद्ध झाली.

सोरा, गंधक व कोळसा यांपासून होणारी काळी दारू काहीशी सोशिक असते. तिच्या ज्वलनाचा वेग दाबाबरोबर फारसा वाढत नाही. तरीही धोका असतोच. ठासणीच्या बंदुकीत गोळी दारूवर घट्ट न बसता मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुगते किंवा फुटते.

धूरविरहित दारूची अडचण

फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ पॉल व्येय यांनी १८८४ मध्ये धूरविरहित दारू तयार केली आणि जुना हिशेब मोडला. ही दारू दाब वाढला की अधिक वेगाने जळते. वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे माप थोडेसे वाढले तरी दाब त्याहून अधिक पटीने चढतो. आधुनिक रायफलीत हा दाब वातावरणाच्या सुमारे ४,००० पटींपर्यंत पोहोचतो. काळ्या दारूसाठी घडविलेल्या ठासणीच्या बंदुकीत धूरविरहित दारू भरणे प्राणघातक ठरते, ते याच कारणाने.

दारू ‘ग्रेन’ या मापात तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, साधारण अर्धी गुंज. मात्र दाब केवळ या वजनावर ठरत नाही. गोळी जड असेल, पुंगळीत अधिक खोल बसली असेल, पुंगळीचे पितळ जाड असेल किंवा टोपी अधिक जोरकस असेल, तर त्याच मापाने दाब वाढतो. शिशावर तांब्याचे आवरण असलेली गोळी आणि संपूर्ण तांब्याची गोळी यांचे वजन सारखे असले तरी लांबी व नळीतील घर्षण वेगळे असते. म्हणून एकीचे कोष्टक दुसरीला लावता येत नाही.

दाब कसा मोजतात

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळीला छिद्र पाडून तेथे तांब्याची लहान कांडी बसवीत. बार उडाल्यावर ती किती चेपली, यावरून दाब काढीत. आता त्या जागी दाबाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे स्फटिक वापरतात. युरोपात १९१४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या नियमानुसार रायफलीची पारख कमाल दाबापेक्षा २५ टक्के अधिक दाबाने होते. छापील कोष्टकातील आकड्यामागे अशी मोजणी असते.

कोष्टक नसेल तर

घरी भरणाऱ्याजवळ असे यंत्र सहसा नसते. पुंगळीच्या बुडाशी उमटलेले व्रण, चपटी झालेली टोपी, जड जाणारा खटका ही जादा दाबाची लक्षणे मानली जातात. परंतु ती मर्यादा ओलांडल्यावरच दिसतात आणि कधी दिसतही नाहीत. ‘थोडे थोडे वाढवून पाहू’ ही रीत म्हणूनच मोजलेल्या आरंभबिंदूखेरीज आंधळी ठरते. फार कमी मापही निर्धोक नसते. गोळी नळीत अडकल्यास पुढचा बार नळी फोडतो.

त्यामुळे जाणकारांचा सल्ला साधा आहे. दारू व गोळी यांच्या उत्पादकाकडे लेखी विचारणा करावी, दाब मोजणाऱ्या प्रयोगशाळेचा आधार घ्यावा, अन्यथा कोष्टक उपलब्ध असलेली दुसरी गोळी निवडावी.

भारतातील स्थिती

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याविना दारूगोळा तयार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून, तर वरणगावचा १९६४ पासून कार्यरत आहे. २०२१ पासून हे दोन्ही ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीत आहेत. शेतीसंरक्षणासाठी परवाना असलेल्या शेतकऱ्याने अधिकृत विक्रेत्याकडील, आपल्या बंदुकीला नेमून दिलेलाच दारूगोळा वापरावा. उरलेली काडतुसे फोडून त्यांतील दारू दुसऱ्या बंदुकीत भरू नये. ती दारू कोणत्या जातीची आहे, हे डोळ्यांना ओळखता येत नाही.