वीतभर धुराडं

बी.ए.ला असताना विल्यम ब्लेकची ‘द चिमनी स्वीपर’ ही कविता आम्हाला अभ्यासाला होती. आमच्याकडे चिमणी म्हणजे एक तर पाखरू, नाही तर रॉकेलचा दिवा. म्हणून धुराडं म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मिरजेच्या घरातला तांब्याचा बंब यायचा. त्याची मधली नळी साफ करणं हे माझं काम. काठीला चिंध्या गुंडाळून शुक्रवारच्या आंघोळीआधी काजळी काढायची, खालची राख उपसायची. कंटाळा केला की नळी चोंदायची, न्हाणीघरात धूर कोंडायचा आणि अम्मी खोकत माझ्या नावाने ओरडायची. कविता वाचताना मला प्रश्न पडायचा, असल्या नळीत मूल शिरेलच कसं?

उत्तर पुढे इतिहासाच्या पुस्तकांत सापडलं. १६६६च्या सप्टेंबरात पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत आग लागली आणि लंडन चार दिवस जळत राहिलं. तेरा हजारांवर घरं गेली. त्यानंतर घरं विटा-दगडांची झाली, पण जळण दगडी कोळशाचं आणि धुराडी अरुंद, वळणावळणाची. कित्येक धुराडी तर नऊ इंच बाय नऊ इंच. नऊ इंच म्हणजे आपली एक वीत!

धुरातलं न जळालेलं सारं धुराड्याच्या गार भिंतीवर बसतं. काजळी साचते, ओलं लाकूड असेल तर डांबरासारखा थर धरतो. हे सगळं जळणच असतं, फक्त चुकीच्या जागी साठलेलं. एखादी ठिणगी वर गेली की ते पेटतं. आगगाडी जवळून जावी तसा आवाज होतो, विटा तडकतात आणि भिंतीत रोवलेल्या तुळईला आग लागते. म्हणून धुराडं वेळच्या वेळी झाडावंच लागतं. प्रश्न एवढाच होता की, झाडायचं कुणी?

लंडनने ते काम पोरांवर टाकलं. पाच-सहा वर्षांची पोरं कोपर आणि गुडघे भिंतीला रेटत वर चढत. कातडी निबर व्हावी म्हणून तिच्यावर मिठाचं पाणी चोळत. धुराडं पेटलेलं असलं तरी विझवायला त्यांनाच वर पाठवत. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने दाखवून दिलं की, या कामकऱ्यांच्या अंडकोशाचा कॅन्सर काजळीमुळे होतो. १७८८ साली कायदा झाला, आठ वर्षांखालचं पोर कामाला ठेवायचं नाही. तो कुणी फारसा पाळला नाही.

मला खरा संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. जॉर्ज स्मार्टने १८०३ साली लांब दांड्याचा, जोडत जोडत वर सारायचा ब्रश तयार केला होता. जोसेफ ग्लासने १८२८ साली तो सुधारला. म्हणजे उपाय हातात होता. पण ब्रशने गालिचे खराब होतात, कोपऱ्यातली काजळी राहते, पोरगं कसं स्वच्छ काढतं, ही घरमालकांची तक्रार. १८४० साली एकवीस वर्षांखालच्यांना चढवायला बंदी आली, तरी पोरं चढतच राहिली. १८७५च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळ फुलबर्नच्या मनोरुग्णालयात जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा धुराड्यात अडकला. भिंत फोडून त्याला काढलं, पण तो वाचला नाही. त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरींनी कायदा करून घेतला: धुराडी झाडण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना हवा, आणि नजर पोलिसांची. तेव्हा कुठे हे थांबलं. ब्रश येऊन बहात्तर वर्षं झाली होती.

आता आमच्या घरात बंब नाही. गॅसच्या शेगडीवर विजेची चिमणी आहे. तिच्या जाळ्यांवर फोडणीचं तेल साचतं, आणि तेही पेटतं. परवा पाहिलं तर जाळीतून मधासारखे थेंब ओघळत होते. बायको म्हणाली, “राहू द्या, उद्या कामाच्या बाईंना सांगते, स्टुलावर चढून काढतील.” मी बाह्या सरसावल्या, सोड्याचं गरम पाणी बादलीत घेतलं आणि स्टूल ओढलं.