दूध 'नासण्या'चा दख्खनी इतिहास

१/ दूध फाडून त्याचा गोळा करण्याची विद्या भारताला पोर्तुगीजांनी शिकवली, हे विधान इतक्या वेळा फिरते की आता त्याला पुरावा मागणेही लोकांना उद्धटपणाचे वाटते. आजचा धागा त्याच विधानाविषयी. साक्षीदार मात्र बंगालचा नाही, आपल्या शेजारचा आहे.

२/ कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याचेच दुसरे नाव 'अभिलषितार्थचिंतामणि'. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. १९५६ पर्यंत हा प्रदेश आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते.

३/ ग्रंथात वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती आहेत. तिसरीत राजाचे उपभोग येतात आणि त्यांत 'अन्नभोग' आहे. तेथे 'क्षीरप्रकार' भेटतो. तापवलेल्या दुधात आंबट घालून ते फोडावे, कापडातून गाळून पाणी काढावे, उरलेल्या गोळ्यात तांदळाचे पीठ मिसळून तुपात तळावे, मग साखरेत घोळावे, वास वेलदोड्याचा. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्यापूर्वी साडेतीनशेहून अधिक वर्षे हे लिहिले गेले!

४/ त्याही मागे जाता येते. चरकसंहितेत पीयूष, मोरट आणि किलाट एका ओळीत येतात : पचायला जड, पण ज्यांचा अग्नी प्रदीप्त आहे त्यांना सुखकर. पीयूष म्हणजे आपल्या खरवसाचा चीक. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' तर व्याख्याच देतो. दूध तापवताना फाटले तर त्याचा गोळा 'किलाट'. दह्याने वा ताकाने फाडून कापडात बांधला तर 'तक्रपिंड'. गळालेले पाणी 'मोरट'.

५/ येथे भाषा फार बोलकी आहे. भावप्रकाश अशा दुधाला 'नष्ट' म्हणतो. पैठण रस्त्यावरच्या आमच्या चितेगावात उन्हाळ्यात सकाळचे दूध फाटले की घरोघरी म्हणतात, 'दूध नासलं'. धातू तोच, नश्. शब्दात तक्रार आहे. पण पातेले कुणी ओतून देत नाही. साखर घालून आटवतात आणि पोरे कढईभोवती बसतात. दूध फाडणे निषिद्ध होते असे सरसकट म्हणणाऱ्यांनी शब्द ऐकला, कढई पाहिली नाही.

६/ याचा अर्थ 'सर्व काही आपलेच' असाही नव्हे. 'पनीर' हा शब्द फारसी आहे. सतराव्या शतकात बर्नियेने बंगालमधील पोर्तुगीजांच्या मिठाईकौशल्याची नोंद केली आहे, तीही खोटी ठरत नाही. (मात्र तो मिठाईविषयी बोलतो, छेना त्याच्या तोंडी आपण घालतो.) बंगाली छेन्याला पोर्तुगीज हात लागला असेल, पण त्यावरून साऱ्या उपखंडाला अडाणी ठरवणे हा इतिहास नव्हे.

७/ प्रयोग करायचा असेल तर : एक लिटर म्हशीचे दूध उकळून आच बंद करा, एका लिंबाचा रस थोडाथोडा घाला, ढवळणे अगदी हलके. आम्लामुळे केसीन गोळा होते, आणि उकळीमुळे निवळीतली काही प्रथिनेही त्याला चिकटतात. पाणी हिरवट, स्वच्छ दिसले की थांबा. जास्त आंबट घातले तर गोळा रवाळ, कोरडा होतो. मलमलीत पंधरा मिनिटे टांगा, दाबू नका. मऊ हवा आहे.

८/ मीठ, चिरलेली कोथिंबीर, पुदिना, भरडलेले मिरे मिसळा. वरून गावठी गुलाबाच्या किंवा गोकर्णाच्या पाकळ्या. फुले खाणे आपल्याला नवे नाही. हादगा आणि शेवग्याच्या फुलांची भाजी घरोघरी होते. फक्त ओळखीची, औषधफवारणी नसलेलीच घ्या. कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत, ती सजावटीलाही ताटात नकोत.

९/ गळालेले पाणी फेकू नका. भावप्रकाशाने त्याला नाव दिले आहे. आपण निदान त्यात भाकरीचे पीठ मळावे.