वाहन उद्योगासाठीची प्रोत्साहन योजना: देशी-विदेशी कंपन्यांच्या स्पर्धेत तुमचा लाभ कोणता?

केंद्र सरकारने वाहन उद्योगासाठी हजारो कोटी रुपयांची योजना आणली आहे, हे तुम्ही ऐकले असेल. या योजनेतून गाडी घेण्यासाठी पैसे मिळतात का? नाही. हे पैसे कंपन्यांना मिळतात. तरीही रोजगार आणि गाडीची किंमत यांमुळे या योजनेचा तुमच्याशी संबंध येतो.

योजना काय आहे?

वाहन व सुटे भाग यांसाठीच्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेला (पीएलआय) सप्टेंबर २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. तिची तरतूद २५,९३८ कोटी रुपये असून अवजड उद्योग मंत्रालय ती राबवते. कंपनीने आधी नव्या तंत्रज्ञानाची वाहने किंवा भाग बनवून विकायचे. वाढीव विक्रीवर ठरावीक टक्के रक्कम तिला नंतर मिळते. त्यासाठी उत्पादनाचे किमान ५० टक्के मूल्य भारतात तयार झालेले असावे लागते.

लाभ फक्त देशी कंपन्यांनाच आहे का?

नाही. टाटा मोटर्स व महिंद्रा यांच्याबरोबर दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई आणि किया यांचीही निवड झाली. मालक कोणत्या देशाचा आहे, यापेक्षा माल कुठे बनतो हे येथे महत्त्वाचे आहे.

नव्या विदेशी कंपन्यांसाठी मार्च २०२४ मध्ये वेगळी योजना जाहीर झाली. त्या वेळी आयात गाड्यांवर ७० ते १०० टक्के सीमाशुल्क होते. भारतात किमान ४,१५० कोटी रुपये गुंतवण्याची हमी देणाऱ्या कंपनीला वर्षाला जास्तीत जास्त ८,००० महागड्या इलेक्ट्रिक कार १५ टक्के शुल्कात आणता येतील, अशी त्यात तरतूद होती. मात्र तीन वर्षांत येथे उत्पादन सुरू करून २५ टक्के आणि पाच वर्षांत ५० टक्के मूल्य देशात तयार करावे, अशी अट होती. त्यासाठी बँक हमीही द्यावी लागणार होती.

पुढे कोण टिकेल?

इलेक्ट्रिक कारमध्ये सर्वांत महाग भाग बॅटरीचा असतो. तिचे सेल आजही मुख्यतः बाहेरून, विशेषतः चीनमधून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटारीत लागणाऱ्या खास चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा भारतातील कारखान्यांनाही अडचण आली. देशात सेल बनवण्यासाठी २०२१ मध्ये १८,१०० कोटींची स्वतंत्र योजना मंजूर झाली, पण तिचे काम ठरलेल्या वेळेपेक्षा मागे आहे. म्हणून जी कंपनी, देशी असो वा विदेशी, सेल, मोटर व इतर भाग येथेच बनवेल, तिला किंमत आटोक्यात ठेवणे सोपे जाईल.

स्पर्धेत मागे पडलेल्या कंपनीचा फटका कामगारांनाही बसतो. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवली. फोर्डने २०२१ मध्ये येथील बाजारासाठी गाड्या बनवणे बंद केले. फोर्डचा साणंद येथील कारखाना पुढे टाटा मोटर्सने घेतला आणि तेथील पात्र कामगारांना नोकरी देऊ केली. पण प्रत्येक वेळी असे होतेच असे नाही.

तुम्हाला काय मिळू शकते?

• इलेक्ट्रिक वाहनावर ५ टक्के जीएसटी आहे. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही.
• आयटीआय किंवा पदविका झालेल्या तरुणांना वाहन कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी करता येते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनातील सरकारचा वाटा थेट बँक खात्यात जमा होतो. नोंदणी सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर करावी.
• पीएम ई-ड्राइव्ह योजनेतील सवलत खासगी कारला लागू नाही. इतर वाहनांसाठीची मुदत वाहनप्रकारानुसार वेगळी आहे. खरेदीपूर्वी ती तपासा.

सावधान

पीएलआयसाठी नागरिकांना कोणताही अर्ज किंवा शुल्क नाही. "पीएलआयमधून कारचे अनुदान मिळवून देतो" असे सांगून कोणी पैसे, आधार क्रमांक किंवा ओटीपी मागितल्यास देऊ नका. पैसे गेले असल्यास लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.