कुटुंबातील शास्त्रवाचन आणि नेतृत्वाचा संस्कार

नेतृत्वाचे शिक्षण म्हटले की राजसभा, रणांगण किंवा विद्यापीठ डोळ्यांपुढे येते. यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेने मात्र या शिक्षणाचा आरंभ घराच्या उंबरठ्याआत मानला. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात आईबापांना आज्ञा आहे, ती घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी धर्मवचनांविषयी बोलत राहण्याची. त्याच ग्रंथाचा सतरावा अध्याय राजाला उद्देशून आहे. राजाने नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती जन्मभर वाचावी आणि आपल्या बांधवांहून स्वतःला थोर समजू नये, असे तेथे सांगितले आहे. या दोन आज्ञा शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांतील नाते स्पष्ट होते. बाप असो वा राजा, दोघेही आधी वाचक आहेत आणि ग्रंथ दोघांच्याही वर आहे.

युरोपातील धर्मसुधारणेने हा विचार सामान्य कुटुंबापर्यंत नेला. 1529 साली मार्टिन ल्यूथरने लिहिलेली लघु प्रश्नोत्तरी कुटुंबप्रमुखाने घरातील माणसांना सोप्या रीतीने शिकवावे, या हेतूने रचलेली होती. 1647 मध्ये स्कॉटलंडच्या धर्मसभेने कौटुंबिक उपासनेची नियमावली संमत केली. तीत मुख्य भार कुटुंबप्रमुखावर होता. तथापि वाचलेल्या भागाविषयी घरातील कोणालाही प्रश्न वा शंका विचारण्याची मुभा होती. कर्तव्यात हयगय करणाऱ्या प्रमुखाला प्रथम खाजगीत समज द्यावी, न सुधारल्यास मंडळीच्या वडिलांनी त्याची कानउघाडणी करावी आणि तरीही न ऐकल्यास त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवावे, असाही दंडक होता. घरातील अधिकार अशा रीतीने उत्तरदायी ठरविण्यात आला. रॉबर्ट बर्न्सच्या 1786 च्या संग्रहातील शनिवारच्या रात्रीवरील प्रसिद्ध कवितेत ग्रंथ उघडून बसलेला वृद्ध शेतकरी बाप दिसतो, तो याच परंपरेतला.

या वाचनातून मुलांच्या कानी पडणाऱ्या कथा निर्दोष वीरांच्या नव्हत्या. याजक एली आपल्या पुत्रांना आवर घालू शकला नाही. ज्याच्या हातांना लाच ठाऊक नव्हती, त्या शमुवेलाचे पुत्रच लाचखाऊ निघाले. दावीद राजाने उरीयाची पत्नी घेतली व त्याला युद्धात मारविले. तेव्हा नाथान संदेष्ट्याने एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगून राजाच्याच तोंडून न्याय वदवून घेतला. विश्वासू नेता म्हणजे न चुकणारा नव्हे. चूक दाखविली असता ती मान्य करणारा होय, हा धडा येथे मिळतो. या कथा मोठ्याने वाचणाऱ्या बापाला स्वतःचीच तपासणी मुलांसमक्ष मांडावी लागे. ही जाणीव सुटली, की वाचनाचा नुसता धाक उरे.

महाराष्ट्रात ही प्रथा आली, तेव्हा तिला निराळा पेच पडला. विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने सिद्ध केलेला मराठी ‘नवा करार’ 1811 साली श्रीरामपूर येथे छापला गेला. पोथीवाचन मराठी घराला नवे नव्हते. पण धर्मांतराने पुष्कळदा ते घरच दुभंगे. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तर लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या वर्षांची वेदना ‘स्मृतिचित्रे’मध्ये नोंदली आहे. एकत्र वाचण्याआधी कुटुंबच पुन्हा उभारावे लागणार होते.

पंडिता रमाबाईंच्या कार्यात या पेचाला एक अपूर्व उत्तर सापडते. बालपणी त्यांना संस्कृताचे पाठ दिले ते आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळाने निराधार झालेल्या मुली व विधवा आल्या. तेथे कुटुंबप्रमुख पुरुष नव्हताच. या अल्पशिक्षित मुलींना कळावे म्हणून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले; संपूर्ण ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला. प्रतिष्ठित, संस्कृतप्रचुर भाषा हाताशी असूनही त्यांनी ती बाजूला ठेवली.

ऐकणाऱ्या लहानग्याला समजेल अशी भाषा स्वीकारणे हीच त्या ग्रंथातील नेतृत्वविचाराची सर्वांत प्रामाणिक टीका म्हणावी लागेल. शिष्यांचे पाय धुणाऱ्या गुरूची कथा त्या मुलींना शब्दांत कळण्यापूर्वी त्या शब्दांच्या साधेपणातच कळली असावी.