जुन्या मोटारींची इंधन यंत्रणा : बिघाड नेमका कुठे शोधावा?

तंजावर : कावेरीच्या खोऱ्यातील उन्हाळ्यात जुनी मोटार अर्ध्या वाटेवर गचके देऊ लागली की बहुतेकांचा पहिला हात कार्बोरेटरकडे जातो. तो खोलला जातो, पुन्हा बसवला जातो आणि गाडी पुढच्या वळणावर तशीच बंद पडते. देशभरात ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, रूढ झाल्यापासून अशा गाड्यांच्या मालकांपुढील प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. दोष जुन्या यंत्राचा, नव्या इंधनाचा की हवामानाचा, हे ठरवण्यासाठी काही क्रम पाळावा लागतो.

दक्षिणेतील रस्त्यांवर दिसलेल्या जुन्या गाड्यांमध्ये स्टँडर्ड हेराल्डचे स्थान वेगळे आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ मध्ये ती बाजारात आणली. मूळ ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्डची (१९५९) आखणी इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांची. याच हेराल्डची चौकट आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार तयार झाली. दोघींचे इंजिन एकाच घराण्यातले. हेराल्डचे ९४८ घन सेंटिमीटरचे, तर पहिल्या स्पिटफायरचे ११४७ घन सेंटिमीटरचे. ठळक फरक कार्बोरेटरचा : भारतीय हेराल्डवर एक सोलेक्स, स्पिटफायरवर दोन एसयू. दोन्ही गाड्यांचे बॉनेट चाकांवरच्या पंखांसकट पुढच्या बाजूला उलटते, त्यामुळे इंजिनाभोवती उभे राहून काम करता येते. आजच्या गाडीत असे सुख नाही.

बिघाड इंधनाचाच आहे का, हे आधी तपासावे. जुने मेकॅनिक थट्टेने म्हणतात, की कार्बोरेटरचे बहुतेक आजार इग्निशनचे असतात, आणि त्यात तथ्य आहे. कॉइल किंवा कंडेन्सर तापून निकामी झाला, तर इंजिन किल्ली फिरवल्यासारखे एकदम थांबते. पेट्रोल कमी पडत असेल, तर ते आधी ताकद सोडते, खोकते, चढावर दम टाकते आणि मग बंद पडते. चोक थोडा ओढल्यावर गाडी सुधारली, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे, असा निष्कर्ष काढता येतो.

त्यानंतरचा शोध टाकीपासून इंजिनाकडे, पेट्रोलच्या वाटेनेच करावा. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असेल, तर आत निर्वात पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. झाकण सैल करताच सुस्कारा ऐकू आला आणि गाडी पुन्हा चालू झाली, तर निदान तिथेच संपते. दोष पुढे असेल, तर कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडवून बाटलीत धरावा, कॉइलची तार काढावी आणि स्टार्टर फिरवावा. पंप ठीक असेल, तर ठोक्याठोक्याने भरीव धार पडते. बुडबुडे आले तर पंपाच्या मागच्या बाजूस कुठेतरी पाइप हवा ओढतो आहे. हे काम गाडी थंड असताना, उघड्यावर, अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवूनच करावे.

या गाड्यांचा पंप कॅमशाफ्टवर चालणारा, डायफ्रामचा असतो. त्याचा दाब प्रति चौरस इंच साधारण दीड ते अडीच पाउंड, म्हणजे फारच माफक. इंजेक्शनच्या गाडीचा विजेवर चालणारा पंप त्याच्या जागी बसवला, तर तो दाब फ्लोटच्या नीडलला पेलवत नाही. पेट्रोल कार्बोरेटरबाहेर ओसंडते आणि आगीचा धोका निर्माण होतो. डायफ्राम फाटल्याची खूण निराळी आहे. पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरते, ऑइलची पातळी न भरताच वाढलेली दिसते आणि मापकाडीला पेट्रोलचा वास येतो. अशा अवस्थेत इंजिन क्षणभरही चालवू नये, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगांचे रक्षण करीत नाही.

कार्बोरेटरमध्ये फ्लोट, नीडल आणि जेट एवढेच प्रथम पाहावे. पितळी फ्लोट कानाजवळ हलवला आणि आत पेट्रोल खळखळले, तर तो फुटका आहे. बारीक छिद्र शोधायचे तर तो गरम पाण्यात बुडवून बुडबुडे पाहावेत. जेटमधील कचरा तारेने काढण्याचा मोह टाळावा. छिद्र केसाएवढे जरी रुंदावले तरी मिश्रण बिघडते. हवेचा झोत पुरेसा असतो.

इथेनॉलचा प्रश्न येथून सुरू होतो. ई-२०ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. ई-२०साठी हे प्रमाण साधारण १३.५ येते. नवी इंजेक्शन असलेली गाडी सेन्सरच्या आधारे पेट्रोल वाढवून घेते. सोलेक्सचा जेट मात्र कारखान्यातून आला त्याच मापाचा राहतो. परिणामी मिश्रण सात-आठ टक्क्यांनी कोरडे होते. प्लग पांढुरके पडतात, वेग सोडताना सायलेन्सर फटफटतो, इंजिन नेहमीपेक्षा तापते. एसयूमध्ये खालचे नट फिरवून जेट उतरवता येतो. सोलेक्समध्ये एक-दोन पायऱ्या मोठा मुख्य जेट बसवावा लागतो.

जुने रबर हा दुसरा कच्चा दुवा. इथेनॉलने ते फुगते, मऊ होते किंवा चिरते. गाळणीत काळी भुकटी दिसली, तर पाइप आतून सुटत आहे असे समजावे. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे म्हटले होते. हे काम स्वस्त आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होणारे असल्याचेही त्यात नमूद होते. हा हिशेब रोज धावणाऱ्या गाडीचा आहे. वर्षाला पाचशे किलोमीटर चालणाऱ्या आणि उरलेला काळ उभ्या असलेल्या गाडीत रबर किलोमीटरवर नव्हे, काळावर खराब होते. फ्लुरोरबराचे अस्तर असलेला, एसएई जे-३० आर-९ दर्जाचा पाइप त्यावर उपाय आहे. नीडलचे टोक आणि पंपाचा डायफ्रामही तशाच पदार्थाचा घ्यावा.

खोऱ्यातील हवामान यात भर घालते. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत, ऑक्टोबर ते डिसेंबर, हवा दमट असते. इथेनॉल हवेतील पाणी शोषते. ते मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि पंप नेमके तेच प्रथम ओढतो. पंपाच्या काचेच्या वाटीत तळाशी वेगळा थर दिसणे ही त्याची खूण. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे दमट हवेला जागा राहत नाही. कार्बोरेटर मात्र कोरडा करून ठेवावा. कोकण किनाऱ्यावरही हीच गोष्ट लागू पडते.

उन्हाळ्यातील तक्रार वेगळी : गरम गाडी दहा मिनिटे थांबवली की पुन्हा सुरू होत नाही. इथेनॉल शुद्ध स्वरूपात ७८ अंशांना उकळत असले, तरी थोड्या प्रमाणात पेट्रोलमध्ये मिसळल्यास मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या पाइपात वाफ अडकते आणि पंप वाफेवरच चालत राहतो. पंपावर ओले फडके टाकणे हा जुना तोडगा तेवढ्यापुरता चालतो. कायमचा उपाय म्हणजे पाइपाचा मार्ग एक्झॉस्टपासून दूर नेणे, त्यावर उष्णतारोधक आवरण चढवणे आणि कार्बोरेटरखाली जाड रोधक तबकडी बसवणे.

दुरुस्ती करताना कायद्याचे भानही हवे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतात; नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा, अशी अट आहे. पाइप, डायफ्राम किंवा जेट बदलणे ही नेहमीची देखभाल. कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवण्याचा बेत असेल, तर आधी परिवहन कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी.