फेंफरें आणि कायदा
मुलाला प्रथमच फेंफरें आलें, कीं खंबाटकी घाटाखालच्या खंडाळ्यांत काय किंवा पुण्यांत काय, आईबाप पुष्कळदां आधीं दार लावतात, मग कांदा हुंगवितात. हा केवळ अडाणीपणा नव्हे. रोग मेंदूचा आहे, असें ग्रीक वैद्यांनीं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं लिहिलें. १८५७ पासून ब्रोमाइड, १९१२ पासून फेनोबार्बिटल हीं औषधेंहि आलीं. तरीहि १९७६ सालीं हिंदु विवाह कायद्यांत वेडाच्या झटक्यांशेजारीं अपस्मार बसविण्यांत आला. तो १९९९ पर्यंत तेथेंच राहिला. मग मुलीच्या लग्नाच्या चिंतेनें दुखणें लपविणाऱ्या आईला कोणत्या तोंडानें दोष द्यावा? आतां कायदा सुधारला आहे. झटका येतांच मुलाला कुशीवर निजवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, आणि न लपवितां डॉक्टरांकडे न्यावें.